त्या वर्षी आम्ही दोघी दहावीला होतो

फेब्रुवारी सरत आला की मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीचा आवाज खाली येतो. तळमजल्यावरच्या हॉलमधला गरब्याचा क्लास बंद होतो, समोरच्या बिल्डिंगमधलं भिंती फोडायचं काम 'पेपर होईपर्यंत' थांबतं, आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गॅलरीत कुणीतरी येरझाऱ्या घालत घोकत असतं. कंपाउंडच्या भिंतीलगतचा आंबा मोहरलेला असतो. त्याचा तो गोडसर, जरा डोक्यात जाणारा वास आणि कुणाच्या तरी तोंडची दख्खनच्या पठाराची वैशिष्ट्यं, या दोन गोष्टी माझ्यापुरत्या आता एकच झाल्या आहेत.

दुकानात याच दिवसांत टॉनिकची मागणी सुरू होते. मी फार्मासिस्ट आहे. भाजी मार्केटच्या तोंडाशी एक मेडिकल आहे, तिथे एकोणीस वर्षं काउंटरवर उभी आहे. परवाच एक बाई आली. घामाघूम, हातात पालकाची जुडी. म्हणाली, "ताई, मुलगी दहावीला आहे. लक्षात राहायला काही द्या ना. एकदम स्ट्राँग."

पूर्वी मी मागच्या फळीवरची बाटली काढून पुढे ठेवायचे. परवा विचारलं, "झोपते किती?"

"झोपते कुठे! चार तास."

"मग तिला झोपू द्या हो. ते काही माझ्याकडे बाटलीत येत नाही."

ती हसली आणि ग्लुकोजचा डबा घेऊन गेली. माझा हात मात्र बराच वेळ मागच्या फळीवरच्या त्या बाटलीवर राहिला. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये कुणी मला सांगितलं असतं की ही बाटली प्यायलीस तर सगळं परत येईल, तर मी ती तिथेच उभ्या उभ्या तोंडाला लावली असती. इतकी वर्षं औषधं विकूनही.

त्याच्या आदल्या जूनमध्ये मला डाव्या छातीत गाठ लागली. ऑपरेशन झालं, आठ केमो झाल्या, मग रेडिएशन. जानेवारीत डॉक्टर म्हणाले, "ट्रीटमेंट संपली. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला या." जालन्याहून भावाचा फोन आला, सोसायटीतल्या बायका पेढे घेऊन आल्या. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. सगळे म्हणाले, "सुटलीस बाई!" मलाही वाटलं, सुटले.

आणि मग शब्द सुटायला लागले.

सगळ्यात आधी चाळणी गेली. पीठ चाळायचं होतं. मैत्री, म्हणजे माझी मुलगी, टेबलाशी बसून बीजगणित सोडवत होती. मी म्हटलं, "अगं, ते दे ना. ते भोकांचं."

"काय भोकांचं?"

"भोकांचं गं. गोल."

ती इतकी हसली की तिची पेन्सिल खाली पडली. मीही हसले. चार दिवसांनी फ्रिज गेला. 'थंड कपाट' म्हणाले मी त्याला, आणि घरात तेच नाव रुळलं. माझा नवरा मिलिंद कामावरून आला की म्हणायचा, "थंड कपाटातलं पाणी दे गं." हसण्यावारी नेलं आम्ही, जितके दिवस नेता आलं तितके.

पण शेजारच्या दाराची बेल वाजवून मी उभी राहायचे आणि कशाला आले ते आठवायचं नाही. पेपरातली बातमी खालपर्यंत वाचेस्तोवर वरची पुसली जायची. दूध उतू जायचं, आणि करपल्याचा वास आल्यावर मी विचार करत बसायचे की गॅसवर काय बरं ठेवलंय. एका संध्याकाळी मैत्रीने मला प्रिलिमचे सायन्सचे मार्क सांगितले. थोड्या वेळाने मी विचारलं, "सायन्सला किती?" तिने सांगितलं. मग मी पुन्हा विचारलं. "आई, आत्ता सांगितलं ना मी!" ती म्हणाली. ती बाथरूममध्ये गेली आणि कितीतरी वेळ नळ सोडून ठेवला तिने. मी बाहेर भाजी चिरत नळाचा आवाज ऐकत राहिले.

मिलिंद म्हणायचा, "अगं, वयाने होतं. मला तरी कुठे आठवतं, बाइकची चावी कुठे ठेवली ते." तो ट्रॉम्बेच्या बाजूला एका कारखान्यात फिटर आहे. बिघाड दिसला की पाना घेऊन बसायचं, हा त्याचा स्वभाव. या बिघाडाला पाना लावायला जागा सापडत नव्हती, म्हणून तो नुसता बोलत राहायचा, आणि मी चिडायचे.

दुकानात आमची एक इज्जत होती. कुठलं औषध कुठल्या खणात, कुणाला कुठली कंपनी चालते, कुणाची गोळी महिन्याच्या कितव्या तारखेला संपते, हे मी कम्प्युटरच्या आधी सांगायचे. मालक जिग्नेशभाई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "मॅडमना विचारा, मशीन नंतर." काउंटरच्या मागे भिंतीवर माझ्या नावाचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये लावलेलं आहे. माझे वडील महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. ते ज्या दिवशी दुकान बघायला आले, त्या दिवशी त्यांनी त्या फ्रेमसमोर उभं राहून एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचलं होतं. माझी हुशारी म्हणजे काय, तर ते बोट. ती जाईल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

फेब्रुवारीत मी कामावर परत गेले, आणि तिसऱ्या आठवड्यात परबकाका आले. गिरणीतून रिटायर झालेले, मालवणकडचे. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी रोज लागते. दुपारची वेळ होती. गर्दी नव्हती, फोन वाजत नव्हता, म्हणजे सबब सांगायला काहीही नव्हतं. मी चिठ्ठी वाचली, खण उघडला, पट्टी दिली. काकांनी ती डोळ्यांजवळ नेली.

"गो बाय, ही गोळी माझी न्हय. माझी पांढरी आसता. ही गुलाबी खयसून इली?"

मी पाहिलं. त्यांची एक मिलिग्रॅमची. मी दिलेली पाचची. नाव तेच, कंपनी तीच. ती गोळी त्यांनी आठ दिवस घेतली असती तर अंगातल्या अंगात रक्तस्राव झाला असता, आणि कुणाला कळलंही नसतं कशाने. मी पट्टी बदलून दिली. "होता, होता. चष्मो लाव गो," असं म्हणून हसत गेले ते. मी खुर्चीवर बसले. 

जिग्नेशभाईंना मी लगेच सांगितलं. ते म्हणाले, "पण दिली नाही ना? पकडली ना? बस, मग."

"मी नाही पकडली, भाई. त्यांनी पकडली."

ॲप्रन काढून मी घडी केली. संध्याकाळचा आमचा फार्मासिस्ट नितीन दिवसाही यायला तयार झाला, आणि मी मागच्या खोलीत बसून स्टॉक मोजू लागले. मोजतानाही चुकायचे. पण तिथे चुकून कुणी मरणार नव्हतं.

तपासणीची तारीख यायच्या आधीच मी हॉस्पिटलमध्ये जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आधी का नाही बोललात?" काय सांगणार? जीव वाचला होता. त्यात परत चाळणी आठवत नाही म्हणून तक्रार कुठे करायची? आणि खरी भीती वेगळीच होती. छातीतला तो आजार वर डोक्यात तर जाऊन बसला नाही ना, हे विचारायची हिंमत होत नव्हती. त्यांनी तपासण्या केल्या. तसं काही नव्हतं. मग त्यांनी मला वरच्या मजल्यावर मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं.

रेश्मा मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी पंधरा शब्द सावकाश वाचून दाखवले, मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि म्हणाल्या, "आता आठवतील तेवढे सांगा." मला पाच आठवले. सहावा म्हणून मी जो सांगितला तो त्यात नव्हताच.

"मी वेडी होतेय का?" मी विचारलं.

"नाही. आळशी पण नाही झालात. केमोनंतर बऱ्याच जणींना असं होतं. धुकं धरल्यासारखं."

"जातं का?"

"बहुतेकींचं हळूहळू विरतं. तुमचं किती आणि कधी, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण सराव करता येतो."

मी खाली कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला आणि रडले. दुःखाने नव्हे. आम्हा औषधवाल्यांचं असं असतं, बाटलीवर नावाची चिठ्ठी असली की निम्मी भीती जाते.

तर असा त्या मार्चमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास सुरू झाला. पंख्याच्या बाजूला मैत्री, खिडकीच्या बाजूला मी. भिंतीवर तिचं वेळापत्रक, खाली माझं. रोज अर्धा तास टॅबवर रेश्मा मॅडमनी दिलेला एक खेळ. पडद्याच्या मध्ये एक चित्र यायचं, त्याच क्षणी कडेला कुठेतरी एक पक्षी चमकून जायचा. चित्र कुठलं आणि पक्षी कुठे, दोन्ही सांगायचं. बरोबर आलं की पुढच्या वेळी पक्षी आणखी घाईत.

मैत्रीने पहिल्या दिवशी बघितलं. "आई, हा तर बेबी गेम आहे यार!" तिने खेळून पटापट सहा पायऱ्या वर नेल्या. मी बसले आणि दुसऱ्याच पायरीवर अडकले. मला पक्षी दिसायचाच नाही. "दिसला?" ती विचारायची. "कुठला पक्षी?" मी म्हणायचे. "वाट लागली," ती कपाळाला हात लावायची, आणि मग दोघी हसायचो. बाथरूमचा नळ सोडून रडण्यापेक्षा ते बरं होतं.

बाकीचे नियम साधे होते. एका वेळी एकच काम. गॅस चालू असेल तर स्वयंपाकघरातून हलायचं नाही. ठेवताना तोंडाने बोलायचं, 'चावी मी खुंटीला लावतेय'. सगळं एकाच वहीत लिहायचं. वेळेवर झोपायचं. आणि रोज चालायचं.

चालायला मिलिंद बरोबर यायचा. सकाळी सहाला आम्ही पूर्वेला मिठागरांच्या दिशेने निघायचो. वाटेत दिसलेल्या पाच गोष्टी मी परत आल्यावर क्रमाने सांगायच्या, असा गृहपाठ होता. पानं झडलेली आणि नुसत्या लाल फुलांनी भरलेली काटेसावर. इस्त्रीवाल्याची निळी छत्री. भिंतीवर झोपलेलं तीन पायांचं मांजर. त्या दिवसांत खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरलेले असतात. लांबून नुसती गुलाबी रेघ दिसते. इतकी वर्षं मुलुंडला राहून मी ती रेघ पाहिलीच नव्हती, कारण सकाळी सहाला मी डबे भरत असायचे. मिलिंद परीक्षकासारखा हात मागे बांधून विचारायचा, "हं, तिसरं काय?" एकदा मी पाचही सांगितल्या तर म्हणाला, "चौथं चूक." मी म्हटलं, "चौथं मांजरच होतं." बराच वेळ वाद झाला. शेवटी आम्ही परत फिरून खात्री करून आलो. मांजरच होतं. माझ्या नवऱ्याला पाना लावायला जागा सापडली होती, आणि चुकल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

तीन आठवड्यांत पक्षी दिसायला लागला. मी आठव्या पायरीवर गेले. उड्या मारत रेश्मा मॅडमकडे गेले. "मग आता काउंटरवर जाऊ?"

त्या म्हणाल्या, "खेळ छान जमतोय, त्याने लक्ष टिकायला मदत होईल. पण खेळ जमला म्हणजे दुकान जमेलच असं नाही. दुकानाच्या कामाचा सराव दुकानाच्या कामानेच करावा लागेल."

मी तोंड पाडून घरी आले. मैत्री दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं वाचत होती. तिने ऐकून घेतलं आणि वही मिटली. "मग दुकान घरी आण ना."

जिग्नेशभाईंनी दोन पोती भरून रिकामी खोकी पाठवली. टेबलावर, शिलाई मशीनवर, खिडकीत आम्ही खण लावले. पेपरांच्या मधल्या सुट्टीत मैत्री गिऱ्हाईक व्हायची. मी ओरडायचे, "अभ्यास कर गं!" तर म्हणायची, "ब्रेक आहे माझा. बोल, किती वेळ लागेल?" चिठ्ठ्या तीच लिहायची, आणि डॉक्टरांपेक्षा वाईट अक्षरात. कधी फोनवर बोलत येणारे साहेब व्हायची, कधी बहिरी आजी, कधी रिक्षा उभी करून आलेली बाई. "लवकर करा हो, मीटर पडतंय!" पहिल्या दिवशी मी बारा चिठ्ठ्यांत सात चुका केल्या.

तिथे मला माझी पद्धत सापडली. औषधाचं नाव मोठ्याने वाचायचं. मिलिग्रॅमच्या आकड्यावर बोट ठेवायचं. खोकं काढलं की परत वाचायचं, परत बोट. पट्टी थेट हातात द्यायची नाही, चिठ्ठीवर ठेवायची आणि विचारायचं, "नेहमीची हीच ना? रंग बघून घ्या." हे शेवटचं मला कुणी मॅडमने शिकवलं नव्हतं, परबकाकांनी शिकवलं होतं. आणि बोट ठेवून वाचायचं वडिलांकडून माझ्यात आलं असणार. वेग पार गेला. पण एके दिवशी वीस चिठ्ठ्यांत एकही चूक झाली नाही. मैत्रीने उठून टाळ्या वाजवल्या. "झकास!"

सगळं असं चढत गेलं असं मात्र नाही. भूमितीच्या पेपरला मी तिला म्हटलं होतं, सुटल्यावर शाळेच्या गेटवर येते. तिला सोडून घरी आले, खेळायला बसले, मग डाळ लावली, मग कपडे वाळत घातले. दार वाजलं, उघडलं तर मैत्री समोर उभी. उन्हाने लाल झालेली. ती पाऊण तास गेटवर थांबली होती. सगळ्या मुलींच्या आया आल्या, गेल्या.

 बोलले तर रडेन म्हणून ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. ती मागून आली.

"आई, मला राग नाही आलाय. मला वाटलं, तुला काहीतरी झालं."

"मी तुला विसरले गं."

"मला नाही विसरलीस. वेळ विसरलीस. अलार्म लावायचा ना! मी नाही लावत? पाच-पाच लावते." असं म्हणून तिने माझा फोन घेतला आणि उरलेल्या पेपरांचे अलार्म लावून टाकले. मग म्हणाली, "जेवायला दे. पेपर मस्त गेला, तू विचारलंच नाहीस."

मी पोळ्या लाटल्या. इतके महिने मी माझ्या विसरण्याची लाज बाळगत होते, आणि पंधरा वर्षांच्या मुलीने ते गणितातल्या एखाद्या अवघड पायरीसारखं सोडवून पुढचं पान उलटलं होतं. त्या दिवशी पोटातली एक गाठ मोकळी झाली. ती कुठल्या तपासणीत दिसली नव्हती.

एप्रिलच्या मध्यावर मी काउंटरवर परत उभी राहिले. आधी रोज सकाळी एक तास, मी दिलेलं प्रत्येक औषध नितीनने तपासायचं, अशा अटीवर. अट माझीच होती. परबकाका आले तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगितलं. आजार, धुकं, पाच मिलिग्रॅम, सगळं. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की चष्म्याची चूक झाली. 

"मगे काय झाला?" म्हणाले. "पकडलाव मा दोघांनी मिळून." आणि पिशवीतून चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. नितीन बाजूला उभा होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी मोठ्याने वाचली, आकड्यावर बोट ठेवलं.

आता तीन वर्षं झाली. तपासण्या साफ आहेत. मी दुपारी दोनपर्यंत काउंटर सांभाळते. पूर्वीची ती 'मशीन नंतर' वाली मॅडम काही परत आली नाही. दमले की शब्द अजून हुलकावणी देतात, गेल्या आठवड्यात कात्री गेली होती, ती अर्ध्या तासाने सापडली. नितीनही आता मोठ्याने वाचून औषध देतो, आणि काही गिऱ्हाइकं न सांगता रंग बघून घेतात. मैत्री कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीला चांगले मार्क मिळाले तिला. भूमितीला सगळ्यात जास्त.

पण तो परीक्षेचा मोसम आठवायला बसले की माझं मन दुकानापाशी थांबत नाही. ते जातं मे महिन्यात, वैशाख पौर्णिमेच्या सकाळी, आमच्या विहारात. लग्न होऊन मुलुंडला आल्यापासून पौर्णिमेची वंदना मी घ्यायचे. मी पुढे म्हणायचं, बायकांनी मागून म्हणायचं. आजारपणात ते थांबलं होतं. विहाराचं बघणाऱ्या शांतामावशींनी आदल्या दिवशी विचारलं, "सुनंदा, उद्या तू घेशील ना?" मी हो म्हणून बसले आणि घरी येईपर्यंत घाबरले. वंदना मला चौथ्या वर्षापासून पाठ आहे. वडिलांनी मांडीवर बसवून शिकवलेली. तीच गेली तर?

मी ती कागदावर लिहून घेतली आणि घडी करून मुठीत धरली. पांढरी साडी नेसले. सकाळीच उकडत होतं. मेणबत्त्या, मोगरा, उदबत्तीचा धूर, सतरंजीवर बायकांच्या रांगा, दुसऱ्या रांगेत मैत्री. मी डोळे मिटून सुरुवात केली. आवाज आपोआप वर चढला. शब्द येत होते, एकामागून एक, न बोलावता.

आणि मध्येच पुढची ओळ नव्हती. जिना उतरताना मधली एक पायरीच नसावी तसा पाय हवेत. कागद मुठीत होता. मूठ उघडायच्या आत मागून बायकांनी ती ओळ उचलली. त्या माझ्या मागून म्हणायच्या, त्या एवढ्यापुरत्या माझ्या पुढे गेल्या. त्याच चालीत, त्याच सुरात, कुणी खोकलं नाही की कुणी मान वर केली नाही. मैत्रीचा आवाज मला वेगळा ओळखू आला. मी त्यांच्या मागून ती ओळ म्हटली, आणि पुढच्या ओळीला परत पुढे झाले.

खिरीच्या वाट्या भरताना मी शांतामावशींना म्हटलं, "मध्ये अडकले हो मी."

"कुठे?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं की कळूनही त्या तसं म्हणाल्या, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. त्यांनी माझ्या वाटीत खीर वाढली, वर दोन बेदाणे जास्त टाकले आणि विचारलं, "ज्येष्ठ पौर्णिमेला कोण घेतंय?"

"मीच घेते," मी म्हटलं.